घागरीतल्या शंभर चिठ्ठ्या

कुणी बोलता बोलता 'किंवा' म्हटलं, की सातपुते मास्तर त्याला जागच्या जागी अडवत. "दोन्ही एकदम होईल का? आधी ते सांगा." न्हाव्याने एकदा "दाढी का केस?" विचारलं. मास्तरांनी त्यालाही हाच प्रश्न घातला आणि उत्तर येईपर्यंत खुर्चीत बसायला नकार दिला. तेव्हापासून तो मास्तर लांबून दिसले तरी वस्तरा मिटून घ्यायचा. मी तर शपथेवर सांगतो, त्यांच्या दारातलं मांजरसुद्धा आत जाऊ की बाहेर, हे ठरवण्याआधी त्यांच्या तोंडाकडे बघायचं.

जामखेड कोरडं, आमचं गाव त्याहून कोरडं. गावच्या हायस्कुलात ते गणित शिकवायचे, मी मराठी. नव्या पुस्तकात संभाव्यता आली तेव्हा बाकीचे गणितवाले नाणी उडवून मोकळे झाले. सातपुते मास्तरांनी सगळा वर्ग एस.टी. स्टँडवर नेला.

"गाडी येईल किंवा येणार नाही. दोन्ही एकदम होईल का? नाही. इथे शक्यता सरळ मिळवा. आता ऐका. गाडी उशिरा येईल किंवा भरून येईल. दोन्ही एकदम होईल का?"

"रोज हुतं, सर!" वर्ग ओरडला.

"मग नुसती बेरीज केलीत तर तीच गाडी दोनदा मोजाल. सामाईक भाग एकदा वजा करा."

तेवढ्यात गाडी आली. दीड तास उशिरा, आणि टपावरसुद्धा माणसं. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. कंडक्टरला वाटलं आपला सत्कार आहे. त्याने टोपी काढून नमस्कार केला आणि दोन शब्द बोलायला घसा साफ केला.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. असा, की ढग दिसला तर लोक तो कुणाचा म्हणून चौकशी करायचे. गावच्या वाट्याला पन्नास घरांपुरतं खडी फोडायचं काम आलं आणि पन्नास घरांच्या गुरांपुरती चारा छावणी. घरं बरोबर शंभर. सरपंच आबा मारुतीच्या पारावर उभे राहून म्हणाले, "पन्नास आन् पन्नास शंभर! येकबी घर रिकामं ऱ्हानार न्हाई!"

चिठ्ठ्या टाकायच्या ठरल्या. पण आमच्या गावची रीत अशी, की मारुतीपुढे घागर ठेवली तर तिच्यात सगळ्या गावाच्या चिठ्ठ्या हव्यात. एकाचीही बाहेर राहिली तर तो देवासमोर पंक्तिभेद. म्हणून खडीच्या पन्नास चिठ्ठ्या निघाल्या की त्या परत घागरीत टाकायच्या, घागर हलवायची आणि मग छावणीच्या पन्नास काढायच्या.

मास्तर उठले. "आबा, दोन्ही एकदम होईल का?"

सभा हसली. मास्तर हसले नाहीत. "होईल. काम लागायची शक्यता निम्मी, छावणीची निम्मी. दोन्ही लागायची निम्म्याची निम्मी. म्हणजे पंचवीसेक घरांना दोन्ही मिळेल आणि तेवढ्याच घरांना काहीच नाही. ज्यांना काम लागलं त्यांच्या चिठ्ठ्या बाहेर ठेवा. मग एकही घर सुटणार नाही."

"मास्तर, तुमी आता देवाला गनित शिकिवनार व्हय?" आबा म्हणाले.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. गावातला शिकलेला, गावचाच माणूस मी. मी बोललो असतो तर दहा जणांनी तरी ऐकलं असतं. आणि मला सगळं लख्ख कळलं होतं. मी म्हणालो, "सर, बसा. ऊन लागलंय तुम्हाला."

गाव पोट धरधरून हसलं. एवढी दाद मला जन्मात पुन्हा मिळाली नाही.

गुरवाने डोळ्यांना पंचा बांधून चिठ्ठ्या काढल्या. सत्तावीस घरांना दोन्ही लागलं. सत्तावीस घरांना काहीच नाही. लोक म्हणाले, मास्तर लई वंगाळ बोलला, त्याच्या तोंडानंच झालं. घागरीला कुणी काही म्हणालं नाही.

माझ्या थोरल्या भावाची, दादाची, चिठ्ठी दोन्ही वेळा निघाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच मास्तर आमच्या ओट्यावर हजर.

"दादा, दोनातलं एक सोडा. तुमच्या शेजारच्या सखूबाईंना काहीच लागलं नाही. एकटी बाई, दारात दोन बैल."

"देवानं दिल्यालं सोडायचं? तुमची चिठ्ठी निघाली आसती तर तुमी सोडलं आसतं?"

"माझी चिठ्ठी घागरीत नव्हती. निघाली असती तर काय केलं असतं, ते मला सांगता येणार नाही." मग ते माझ्याकडे वळले. "तुम्ही तरी सांगा यांना."

"घरचा कारभार दादांकडे असतो, सर," मी म्हणालो. प्रत्यक्षात दादा मला विचारल्याशिवाय बैलाची वेसणसुद्धा बदलत नसे.

मास्तर सत्तावीसही उंबरे चढले. कुणी चहा दिला, कुणी उपदेश केला. चिठ्ठी कुणीच सोडली नाही.

आमचे बैल छावणीत असे माजले, की परत आणताना दोघांना दोरखंड धरावा लागला. सखूबाईंचा एक बैल पंधरवड्यात बसला, तो उठलाच नाही. दुसऱ्याला घेऊन त्या पायी श्रीरामपूरच्या बाजूला निघाल्या. पोहोचल्या का, हे विचारायला आमच्यातलं कुणी गेलं नाही. शून्यवाली आणखी नऊ घरं त्यांच्या मागोमाग उठली.

दिवाळीनंतर मास्तरांनी आपणहून बदली मागून घेतली. ते निघाले त्या दिवशी मी त्यांच्या खोलीवर गेलो. ट्रंक दारात होती आणि ते कुलूप लावत होते. मागे न वळताच त्यांनी विचारलं, "सभेत मी बोललो, ते तुम्हाला कळलं होतं का?"

आयुष्यभर मी हजार थापा मारल्या. त्या दिवशी एक मारायला हवी होती. मी म्हणालो, "कळलं होतं, सर."

त्यांनी कुलूप ओढून पाहिलं. "मी समजत होतो, तुम्हाला कळलं नाही. तेवढाच एक आधार होता."

किल्ली घरमालकाकडे पोहोचवायची होती. मी हात पुढे केला.

"राहू द्या," ते म्हणाले. "मी देतो."