तुरीच्या थप्प्यांतली बाजावाली

कुठल्याही खोलीत पाय टाकला की ती आधी एक टाळी वाजवायची. मग मान तिरकी करून थांबायची, जणू आतून कुणी ओ देणार आहे. माझ्या घरी आली तेव्हा बैठकीत उभी राहून तेच केलं. मी विचारलं, "काय गं, डास हाय का?" म्हणाली, "न्हाई अप्पा, खोली कशी बोलतीय ते बघायलेय." आणि वर म्हणाली, "तुमची खोली मुकी हाय. गाद्या लई झाल्यात." मला राग आला. त्या गाद्या माझ्या थोरल्या लेकीच्या लग्नातल्या आहेत, चांगल्या कापसाच्या.

आमच्या गावात, मादन हिप्परग्यात, तिला सगळे बाजावाली म्हणत. शेजारच्या सिद्रामची लेक ती. बेंगळुरूला नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी दोन मित्रांसोबत गाणी करायची. सिद्राम, म्हणजे तिचे अण्णा, माझ्या तुरीच्या गोदामात जन्मभर मापाडी होता. तो उन्हाळ्यात गेला. दिवाळी होऊन गेली आणि ही मित्रांना घेऊन, गिटारी आणि टेम्पोभर वायरी घेऊन दारात उभी. म्हणाली, "अप्पा, तुमचं गोदाम आता रिकामं हाय. आमचा अल्बम मला तिथंच करायचाय. अण्णांचा आवाज त्या भिंतींनी जेवढा ऐकलाय तेवढा आम्ही घरात पण ऐकला न्हाई."

मी तिसरीत शाळा सोडलेला माणूस. अल्बम म्हणजे लग्नाच्या फोटोंचा, एवढंच मला ठाऊक. पण गोदाम काय असतं ते मला चांगलं कळतं. मी सांगितलं, नवी तूर येईपर्यंत खुशाल वापर, तूर आली की एक दिवस मिळणार नाही. ती "व्हय" म्हणाली. भाडं किती म्हणून विचारलं, तर मी म्हणालो, दुपारी मी झोपतो तेवढा वेळ ढोल बंद ठेवायचा. हे भाडं तिने जाईपर्यंत चुकवलं नाही.

ज्यांनी मापाडी पाहिलेत त्यांना सांगायला नको, पण नव्या पोरांसाठी लिहितो. धान्य मोजताना आमच्याकडे एक म्हणत नाहीत. पहिल्या मापाला लाभ म्हणायचं, मग दोन, तीन. सिद्राम 'लाभ' हा शब्द असा लांबवायचा की रस्त्यावरचा माणूस मान वळवी. ही पोरगी प्रत्येक गाण्याआधी ढोल वाजवणाऱ्या चष्मेवाल्याकडे बघून म्हणायची, "लाभ, दोन, तीन, चार," आणि तिघं एकदम सुटायची. चष्मेवाला कानडी. त्याला वाटायचं, हा कुठला तरी ताल आहे. ती म्हणायची, "बाकीचे एकापासून सुरू करतेत. आमच्या घरी फायद्यापासून सुरू व्हतंय." अल्बमचं नावही तिने 'लाभ' हेच ठेवलं.

ह्या गाण्यांना रॉक म्हणतात म्हणे. पहिल्या दिवशी मी दारात खुर्ची टाकून ऐकलं. गिटार म्हणजे लाकडाच्या वखारीतली करवत. मी म्हणालो, "एवढा दंगा कामून करायलीस? हळू म्हटलं तर कळत न्हाई का लोकांला?" ती म्हणाली, "अप्पा, तुम्ही हमालावर वरडताव तवा हळू वरडताव का?" मी खुर्ची थोडी मागे घेतली. पण रोज बसलो. हळूहळू त्या करवतीखालचं गाणं कानात यायला लागलं. एक गाणं आळंदच्या बसथांब्यावर भांडून निघून गेलेल्या मैत्रिणीचं. एक शेतातल्या विहिरीचं, त्यात मधेच एक ओळ कानडीत. बाळंतिणीला मेथीचा लाडू देतात ना, तशी ती गाणी. गोड म्हणून घ्यावं तर मागून कडू येतं, आणि कडू म्हणून ठेवावं तर हात परत डब्याकडे जातो.

तिची आई सुभद्रा रोज भाकरी धाडायची, पण गोदामाकडे एकदाही फिरकली नाही. मला म्हणायची, "मामा, माज्यानं ऐकवणार न्हाई."

शेवटचं गाणं राहिलं होतं. ते बापाचं. ती रोज सुरू करायची आणि दुसऱ्या कडव्याला अडायची. रिकाम्या गोदामात आवाज पत्र्याला लागून परत येतो. तिचाच आवाज उलटून तिच्याकडे यायचा, आणि ती म्हणायची, "अण्णाच माघारी बोलायल्यावानी वाटतंय." मग खाली बसून रडायची. पोरं इकडे तिकडे बघायची. चार-पाच दिवस मी हे पाहिलं आणि म्हणालो, "रडायचं असंल तर घरी रड. ही जागा मी गायला दिलीय." चष्मेवाला माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी कसाई आहे. ती मात्र नाक पुसून उठली. म्हणाली, "बरोबर हाय. परत घेऊ." परत घेतलं, परत तिथेच अडलं.

आणि तूर आली. त्या वर्षी पौषात आभाळ भरून आलं, म्हणून पार राजेश्वर गावापासूनच्या लोकांनी घाईघाईने मळून रास केली आणि टेम्पो माझ्या दारात लावले. ती म्हणाली, "अप्पा, दोन दिवस द्या. ह्या गाण्याशिवाय ह्या अल्बमला अर्थ न्हाई. रजा संपली, आता न्हाई झालं तर कधीच व्हणार न्हाई." मी म्हणालो, "पाणी पडलं तर ह्या लोकांची तूर काळी पडंल. तुझ्या गाण्याला कोंब फुटत न्हाईत." ती म्हणाली, "तुमी दगड हाव." मी म्हणालो, "व्हय. म्हणून तर लोक माझ्याकडं माल ठेवतेत." तिने वायरी गुंडाळून कोपऱ्यात ठेवल्या आणि माझ्याशी बोलणं टाकलं. पण गेली नाही. हमाल कट्टे, म्हणजे भरलेली पोती, रचत होते आणि ती पायरीवर गुडघ्याला मिठी मारून बघत बसली.

तिसऱ्या दिवशी थप्प्या पत्र्याला टेकल्या. मधे माणूस जाईल एवढी बोळ उरली. ती उठली, बोळीत शिरली आणि टाळी वाजवली. काहीच आलं नाही. तुरीने आवाज गिळून टाकला होता. परत एक वाजवली. मग बाहेर येऊन, रुसवा विसरून मला म्हणाली, "अप्पा, हितं काहीच माघारी येत न्हाई." मला वाटलं टोमणा आहे. पण तिने चष्मेवाल्याला माईक आणायला सांगितलं. ढोल मावत नव्हता, त्याने कट्ट्यावर थाप धरली. ती पोत्यांच्या बोळीत उभी राहिली, लाभ म्हणाली आणि गायली. उत्तर द्यायला कुणी नव्हतं. दुसरं कडवं गेलं, तिसरं गेलं, शेवटपर्यंत गेलं. हमाल पाठीवरचा माल घेऊन दारातच उभे राहिले. मी कुणाला हटकलं नाही.

नंतर शहरात म्हणे कुणी तरी म्हणालं, शेवटचं गाणं बाकीच्यांत बसत नाही, यंत्राने त्यालाही घुमारा देऊ. तिने हात लावू दिला नाही. खरंच ते बसत नाही. बाकीची गाणी दुरून येतात, हे अगदी कानाशी येतं.

जाताना बस यायची होती तेव्हा तिने विचारलं, "अप्पा, मी परत दोन दिवस मागितले असते तर?"

"दिले नसते."

"आणि गाणं झाल्याबिगर मी गेले नसते," ती म्हणाली, आणि माझ्या पाया पडली.

आता ती बेंगळुरूलाच आहे. अल्बम आला तेव्हा नातवाने माझ्या मोबाईलवर घालून दिला. मी तो घेऊन सुभद्राकडे गेलो. ती ओसरीवर ज्वारी पाखडत होती. म्हणाली, "मामा, नको." मी ऐकणारा नाही. लावला आणि तिच्या पुढ्यात ठेवला. ती सूप हालवत राहिली. शेवटचं गाणं लागलं तसं सूप थांबलं. गाणं संपेपर्यंत ती मोबाईलकडे बघत होती.

"ह्यात ती रडली न्हाई की," सुभद्रा म्हणाली.

"न्हाई."

तिने पदराने तोंड पुसलं, सूप परत उचललं आणि म्हणाली, "मग मी पण न्हाई. लावा परत."