सभासदांची खुर्ची

"मावशी, तिथे नका बसू. त्या खुर्च्या सभासदांसाठी आहेत."

साठ खुर्च्या मीच मांडल्या होत्या. दुपारी, एकटीने. माणसं आली जेमतेम वीस. मी बसलेले शेवटच्या रांगेत, दाराजवळ, हात तुटलेल्या खुर्चीवर. ती कुणी घेत नाही. कार्यवाह समोरून माईकमध्ये बोलले, म्हणून सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे बघितलं. बचतीच्या वर्गात शिकवायला बोलावलेले पाहुणे माजिवड्याहून आले होते. ते म्हणाले, "बसू द्या की." कार्यवाह हसले. "त्यांना काय गुंतवायचंय, साहेब? चहा वेळेवर आला म्हणजे झालं."

लोक हसले. दुष्टपणाने नाही. लहान पोर मध्येच काही बोललं की मोठी माणसं हसतात ना, तसे. मीसुद्धा हसले. त्यांच्या हसण्यापेक्षा मला माझ्या हसण्याचा राग आजही जास्त येतो. हसले आणि उठले.

डोंबिवलीतल्या या वाचनालयात मी अकरा वर्षं कामाला आहे. झाडलोट, पुस्तकं जागेवर लावणं, नव्या पुस्तकांवर शिक्के मारणं, चहा. कार्यवाह माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, तरी मी त्यांची मावशी. त्या वर्गाची जाहिरात फळ्यावर मीच डकवली होती. 'घरखर्च, बचत, विमा. मोफत मार्गदर्शन. सर्वांचे स्वागत.' सर्वांचे म्हणजे कुणाचे ते त्यात लिहिलं नव्हतं.

मला मिरवायला बसायचं नव्हतं. मी अडचणीत होते. नवऱ्याची एमआयडीसीतली कंपनी बंद पडली आणि त्याला हिशेबाचे पैसे मिळाले. त्यातले दीड लाख मी बँकेत एफडी करायला नेले. मुलीचं नर्सिंगचं दुसरं वर्ष, त्याची फी. टेबलावरचा मुलगा गोड बोलला. "मावशी, एफडीत काय ठेवलंय? ह्यात डबल होतात. इथे सही करा, इथे पण करा." मी केल्या. काही दिवसांनी पोस्टाने जाड पुस्तिका घरी आली. सगळी इंग्रजीत. मुलीने वाचली आणि कपाळाला हात लावला. एफडी नव्हतीच ती. विम्याची पॉलिसी होती. दहा वर्षं, दर वर्षी दीड लाख. पुढचे भरले नाहीत तर आधीचेही अडकले.

"आई, विचारायचंस तरी गं कुणाला," ती म्हणाली.

त्या रविवारी मी विचारायलाच बसले होते.

चहाची खोली हॉलच्या मागे आहे. भिंतीपलीकडून पाहुण्यांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मी कप विसळत होते. वर्ग संपल्यावर पुढे झाले आणि म्हटलं, "साहेब, एक विचारायचं होतं." तेवढ्यात कार्यवाह मध्ये आले. "मावशी, साहेबांना उशीर होतोय. आधी रिक्षा बघा." मी रिक्षा आणली. त्यांची बॅगही ठेवली आत.

वर्गात वाटायला शंभर पत्रकं छापून आणली होती. परत येऊन त्यातलं एक मागितलं. कार्यवाह म्हणाले, "मोजून ठेवलीत, मावशी. न आलेले सभासद न्यायला येतील." कपाटाला कुलूप लावलं.

आता माझी चूक सांगते. ती पत्रकं आदल्या दिवशी माझ्याच हाताखालून गेली होती. आमच्याकडे कुठलाही कागद शिक्क्याशिवाय बाहेर जात नाही. शंभरच्या शंभर कागदांवर मी शिक्का मारला. खाली, उजव्या कोपऱ्यात. डोळे कोपऱ्यावर, हात पॅडवर. मी दहावी पास आहे. मला वाचता येतं. पण अकरा वर्षांत कुणी मला वाचायला कागद दिला नव्हता, शिक्का मारायलाच दिला होता. म्हणून मीही तेवढंच केलं.

तीन आठवडे गेले. पत्रकं न्यायला कुणी आलं नाही. सोमवारी कार्यवाहांनी कपाट उघडलं आणि म्हणाले, "ही पण रद्दीत बांधा." ऐंशीएक असतील. मी खाली बसले, सुतळी हातात घेतली आणि वरचं पत्रक वाचलं. सात मुद्दे होते. सातवा सगळ्यात खाली. विम्याची पॉलिसी पटली नाही तर ती हातात आल्यापासून तीस दिवसांत परत करता येते, थोडी रक्कम कापून पैसे परत मिळतात. शेवटच्या शब्दावर शिक्क्याची कड चढली होती. शिक्का मीच मारलेला.

पुस्तिका आल्यापासूनचे दिवस बोटांवर मोजले. पुन्हा मोजले. वर्गाच्या रविवारी माझा बारावा दिवस होता. त्या सोमवारी चौतिसावा.

सुतळी तशीच टाकून बँकेत गेले. "मुदत गेली, मावशी," तिथला मुलगा म्हणाला. मान वरही केली नाही. घरी येऊन मी रडले नाही. भांडी आपटली.

दुसऱ्या दिवशी वर्गणीचे आणि अनामतीचे पैसे घेऊन कार्यवाहांच्या टेबलासमोर उभी राहिले. म्हटलं, "सभासद व्हायचंय."

ते हसले. तेच हसू. "अहो, तुम्ही तर घरच्याच. तुम्हाला कशाला सभासदत्व?"

या वेळी मी हसले नाही. "घरच्या माणसाला खुर्चीवरून उठवत नाहीत, साहेब."

त्यांनी चष्मा काढला. "कर्मचाऱ्यांचं समितीला विचारावं लागेल."

"नियम भिंतीवर आहेत. ती फ्रेम दर शनिवारी मीच पुसते. अठरा वर्षं पूर्ण आणि गावात राहणारा, एवढंच लिहिलंय. पावती फाडा."

त्यांनी चष्मा परत लावला. मग पावतीपुस्तक ओढलं, पेन टेकवलं आणि थांबले.

"पूर्ण नाव काय तुमचं?"

अकरा वर्षं. पगाराच्या व्हाउचरवर दर महिन्याला असतं ते, आणि खाली त्यांचीच सही असते. मी नाव सांगितलं. सावकाश, एकेक अक्षर. त्यांनी लिहिलं. शिक्का मी मारला, आणि मारायच्या आधी पावती वाचली.

रद्दीतली पत्रकं मी घरी नेली. चाळीत दारोदार वाटली. दोघींच्या घरून तशीच जाड पुस्तिका निघाली. एकीचे आठ दिवस शिल्लक होते. तिचे पैसे परत आले. ती पेढे घेऊन आली तेव्हा मी तिच्याशी नीट बोलूही शकले नाही. माझे पैसे अडकलेतच. फसवून सह्या घेतल्याची लेखी तक्रार केलीय. तीन खेपा झाल्या. दर वेळी "बघू" म्हणतात. मुलीची फी गळ्यातलं गहाण टाकून भरली.

येत्या रविवारी दुसरा वर्ग आहे. काल कार्यवाह म्हणाले, "साठ खुर्च्या मांडा. चहा पाचला." मावशी म्हणाले नाहीत. नावही घेतलं नाही.

मी म्हटलं, "चहा वर्ग संपल्यावर मिळेल. आणि पुढच्या दोन रांगा भरलेल्या आहेत."

चाळीतल्या चौदा जणी येणार आहेत, आपापली कागदपत्रं पिशवीत घालून. सर्वांचे स्वागत आहे ना, मग येणार. खुर्च्या मीच मांडणार. पहिल्या रांगेतली मधली माझी. कुणाला मला तिथून उठवायचं असेल तर त्याने नावाने हाक मारावी. नाव पावतीवर आहे. मी उठणार नाही.