पीठ गार होतं

इथले अनुभव मी गेली दोन वर्षं गुपचूप वाचतेय. वाचते आणि मनातल्या मनात लाल पेनाने शेरे मारते — "वाऱ्याने दार वाजलं असेल", "झोप अपुरी", "साक्षीदार कोण?" काय करणार, मास्तरकीची सवय. मी फिजिक्स शिकवते. लहानपणी आमच्या निमगाव सावा गावात एका बाईच्या अंगात आलं होतं, सगळे हात जोडून उभे, आणि मी खरं-खोटं बघायला तिच्या पोटरीला चिमटा काढला होता... त्यावरून आईचा मार खाल्लाय. तेव्हा माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता हे वेगळं सांगायला नको. पण एक गोष्ट माझ्याच बाबतीत घडली आणि तिच्यावर मला आजतागायत शेरा मारता आलेला नाही. हसायचं तर हसा, फक्त शेवटपर्यंत वाचून हसा.

दोन हजार चार-पाचचा सुमार. मी नारायणगावच्या कॉलेजात बी.एस्सी. करत होते. निमगावहून रोज जाऊन-येऊन करायचं म्हणजे सगळा एसटीच्या मर्जीचा कारभार. सकाळचं लेक्चर तरी हुकायचं, नाहीतर संध्याकाळची गाडी. पहिलं वर्ष तसंच रेटलं. मग वडील म्हणाले, "आता बास. शिकली तेवढं लई झालं. ही रोजची वढाताण न्हाई बघवत मला." बघवत नव्हती हे खरं, आणि दोन स्थळं सांगून आली होती हेही खरं. मी म्हटलं, नारायणगावातच राहते. "आन खोलीचं भाडं?" मी म्हटलं, माझं मी बघते.

बघते म्हणणं सोपं होतं. आठ दिवस पायपीट केली. एकट्या मुलीला कुणी खोली देईना, आणि जे देत होते त्यांचं भाडं मला झेपण्यासारखं नव्हतं. शेवटी बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत एक पिठाची गिरणी दिसली. दारावर खडूने लिहिलेलं — गिरणी चालवायला माणूस पाहिजे. मालकीण साठीच्या पुढच्या, नवरा वारलेला, गुडघे गेलेले. सगळी गल्ली त्यांना काकू म्हणायची.

"माणूसच पाहिजे का? मुलगी चालेल?" मी विचारलं.

काकूंनी मला खालून वर बघितलं. "पट्टा चढवता यील?"

"शिकवलात तर येईल."

"तोंड लई चालतंय, हात चालतोय का ते बघू," काकू म्हणाल्या. "भाडं नगं मला. गिरणीमागं खोली हाय, ती घे. सकाळी दोन तास आन सांजच्याला दोन तास गिरण चालीव. पर ध्येनात ठिव — एक जरी दळण बिघडलं, नायतर वेळंला मिळालं न्हाई, तर किल्ली चौकटीवर ठिवायची आन चालू पडायचं. आदीच्या गड्यानं बाजरीवर गहू दळलं, माजी चार घरं तुटली."

मी त्याच दिवशी ट्रंक आणली.

खोली पत्र्याची. वहीवर पीठ, उशीवर पीठ, भुवयांवर पीठ. कॉलेजात मुली मला "पीठवाली" म्हणायच्या. म्हणोत बापड्या, त्यांना घरून पैसे यायचे. मला त्या खोलीचा अभिमान होता. एका कोपऱ्यात काकूंच्या सासूच्या वेळचं जातं पडलेलं होतं. त्याचा खुंटा केव्हाच हरवलेला, दगड कित्येक वर्षांत टाकी मारून खरखरीत केलेला नाही. मी त्यावर माझा पाण्याचा माठ ठेवला होता. हे जातं लक्षात ठेवा.

आता मोठ्या बाई. पेठेतल्या एका जैन व्यापाऱ्याची ही आई, वय पंच्याहत्तरच्या आसपास. घराणं मूळचं राजस्थानचं, पण बाईंचा जन्म इकडचाच आणि मराठी अस्सल इकडची. त्यांच्या घरचे नियम कडक. पीठ ताजंच पाहिजे, दिवसाउजेडी दळलेलं, आणि दगड आधी स्वच्छ झाडलेला. बाई स्वतः बाकावर बसून लक्ष ठेवायच्या. पडणारं पीठ चिमटीत घेऊन अंगठ्याने चोळायच्या आणि म्हणायच्या, "जाडं आहे, दगड आवळ." मला आधी राग यायचा. मग कळलं की दगडाचा आवाज ऐकून पीठ कसं पडतंय हे ओळखायला मी त्यांच्याकडूनच शिकत होते. काकूंच्या गिरणीला पेठेतली जी दहा-बारा घरं लागलेली होती, ती बाईंच्या शब्दावर.

तिसरं वर्ष. चैत्र. माझं शेवटचं प्रॅक्टिकल अकराला, आणि त्यानंतर महिनाभराने पेपर. त्याच आठवड्यात बाईंच्या घरी ओळी सुरू होणार होती — नऊ दिवसांचं व्रत. दिवसातून एकदाच जेवायचं, तेही तेल-तूप-मसाल्याशिवाय. घरातल्या पाच बायका बसणार होत्या. काकू लेकीकडे येडगावला गेल्या होत्या. जाताना बजावून गेल्या, "बाईंचं दळण चुकलं तर मी यायची वाट बगू नगं."

सकाळी साडेसातला बाई पाच किलो गहू घेऊन आल्या. पितळी डबा, वर लाल फडकं बांधलेलं. "उद्यापासून ओळी. आज दिवस मावळायच्या आत पाहिजे बरं का पोरी."

"दहाच्या आत देते," मी म्हटलं.

दगड झाडून, पुसून होईपर्यंत आठ वाजले. बटण दाबणार तेवढ्यात लाइट गेली. लोडशेडिंगच्या वेळापत्रकात ती अकराला जायची होती! बाहेर आले तर चौकातली डीपी जळाली होती. गावातल्या बाकीच्या दोन गिरण्याही त्याच डीपीवर. मी साडेदहापर्यंत त्या बटणाकडे बघत बसले. रडू येत होतं, पण जास्त संताप येत होता. दोन वर्षं मी झोप मोडून, पट्ट्याशी झटून हे सगळं उभं केलं होतं. वर्ष गेलं तर वडील दुसरं देणार नव्हते, आणि खोली गेली तर पेपर कुठून देणार होते? शेवटी ठरवलं, आधी प्रॅक्टिकल, मग जिथे लाइट असेल तिथे सायकलवरून डबा न्यायचा. डब्याच्या झाकणावर हात ठेवून मी मोठ्याने म्हणाले, "तुझं दळण आज होणार म्हणजे होणारच." कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवून गेले.

प्रयोग आला स्पेक्ट्रोमीटरचा. अकराला हजेरीपत्रकावर सही केली तेव्हा माझा हात अगदी चांगला होता, हे मी शपथेवर सांगते. बाराच्या सुमाराला उजव्या तळव्याची आग व्हायला लागली. मला वाटलं घामाने. एकच्या पुढे तो बारीक स्क्रू धरवेना. बघितलं तर बोटांच्या मुळाशी चार फोड, एका ओळीत, टचटचीत भरलेले. पुण्याहून आलेले बाहेरचे परीक्षक माझ्याजवळ थांबले.

"हाताला काय झालं?"

"सर, गिरणीचा पट्टा लागला असेल," मी म्हटलं. पण त्या दिवशी मी पट्ट्याला हातसुद्धा लावला नव्हता.

"दुसऱ्या हाताने रीडिंग घ्या," ते म्हणाले आणि पुढे गेले. मी डाव्या हाताने स्क्रू फिरवला. अर्धं मन प्रिझममध्ये, अर्धं त्या डब्यात. पण रीडिंग चोख आली. तीनला उत्तरपत्रिका दिली, पुन्हा सही केली. मधल्या चार तासांत प्रयोगशाळेबाहेर पाऊल टाकलं नव्हतं.

चार वाजता गल्लीत आले. लाइट नव्हतीच. खांबावर चढलेला वायरमन म्हणाला, "ताई, आज काय व्हत न्हाई. उद्या बगा." बरं, मग येडगावच्या गिरणीत. सायकल काढली, कुलूप उघडलं — कुलूप जसंच्या तसं — आणि डबा कॅरिअरला बांधण्यासाठी उचलला. फडकं सैल वाटलं म्हणून सोडलं, झाकण उघडलं.

आत पीठ होतं.

मी डबा खाली ठेवला. झाकण लावलं, पुन्हा उघडलं. पीठच. काठोकाठ, बारीक, मैद्यासारखं. मी हात घातला... पीठ गार होतं. गिरणीतून पीठ आणणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, डबा कसा चटका देतो. दोन-दोन तास कोमट राहतो. हे माठातल्या पाण्यासारखं गार. खोलीत पळत गेले. जात्यावर माझा माठ तसाच, सकाळी भरलेला, खाली ओलसर गोल तसाच, जात्याच्या कडेची धूळ तशीच. मी भीत नाही कधी. त्या दिवशी भ्याले.

साडेपाचला बाई आल्या. लाइट नाही हे त्यांना माहीत होतं, त्यामुळे चेहरा आधीच पडलेला. मी डबा पुढे केला. त्यांनी चिमूट घेतली, अंगठ्याने चोळली. मग अख्खा हात आत घातला, मनगटापर्यंत, आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"हे गिरणीचं नाही," त्या म्हणाल्या. "जात्यावरचं आहे. पन्नास वर्षांनी हात लागला असल्या पिठाला. कोणी दळलं?"

खोटं बोलणं अगदी सोपं होतं. "मी" एवढंच म्हणायचं, की खोली वाचली. पण ते त्यांच्या व्रताचं अन्न होतं. कुणाच्या हातचं आहे हे मलाच माहीत नसताना ते त्यांच्या ताटात कसं घालू? काकूंची किल्ली चौकटीवर ठेवायची मनाची तयारी केली आणि सांगितलं, "बाई, मी नाही दळलं. मी परीक्षेला होते. आले तेव्हा हे असंच होतं. कुणी दळलं मला माहीत नाही. तुम्हाला चालणार नसेल तर सांगा, दुसरे गहू द्या, मी आत्ता येडगावला जाऊन अंधाराच्या आत दळून आणते."

बाईंनी डबा बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "हात बघू."

मी उजवा हात मागे घेतला. त्यांनी तो ओढून उघडला. चार फोड. त्यांतला एक फुटला होता.

"वेडी कुठली," त्या हळूच म्हणाल्या. "लग्नानंतर वर्षभर माझ्या हाताला हेच फोड होते. हेच, इथेच. मला फसवते होय? केलं ते सांगायला लाज कसली गं?"

"बाई, खरंच सांगते—"

"पुरे. हळद-तूप लाव." डबा उचलून त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी काकू आल्या तोवर सगळ्या पेठेत पसरलं होतं, की काकूंच्या पोरीनं लाइट नाही म्हणून जात्यावर पाच किलो दळून दिलं. काकूंनी मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "खोली तुजी. पायजे तितकी वर्सं ऱ्हा." मी त्यांनाही खरं सांगितलं. त्या हसल्या. त्यांची दुसरी किल्ली येडगावला कमरेलाच होती, हे मी तीनदा विचारून घेतलं.

आता तुम्ही म्हणाल, कुणीतरी डबा बदलला असेल. कुलूप न उघडता? आणि जात्यावरचं पाच किलो पीठ आयतं तयार ठेवून कोण बसलं होतं? मी हे सगळं उलटसुलट केलंय. पेपर संपल्यावर सुताराकडून खुंटा करून आणला, माठ उतरवला आणि घड्याळ लावून एक किलो गहू दळले. एक तास सहा मिनिटं लागली. म्हणजे पाच किलोला साडेपाच तास. साडेदहा ते चार किती होतात ते तुम्हीच मोजा. पीठ मात्र रव्यासारखं जाडं पडलं, तसं बारीक काही केल्या येईना.

आणि हात धुताना दिसलं, तळव्याला पुन्हा फोड आले होते. तेच चार. जुन्या डागांवर बरोबर बसले होते.

पास झाले, पहिल्या वर्गात. एम.एस्सी. झाले, नोकरी लागली. वडिलांनी निकालाचे पेढे अख्ख्या निमगावात वाटले. बाई आता नाहीत. शेवटपर्यंत त्या मला खोटारडी म्हणायच्या, प्रेमाने. इतक्या वर्षांत मला स्पष्टीकरण सापडलेलं नाही, आणि वर्गात मुलांना "पुरावा द्या" म्हणताना मी कधीकधी हात मिटून घेते. कारण कॉलेजच्या दप्तरात हजेरीपत्रक असेल, त्यावर अकराची आणि तीनची सही माझी आहे. आणि फोडही माझेच होते.