युसनियारने जगवलेली आई

साखरेच्या आजाराने बुस्तानुलची नजर गेली, तेव्हा डोळ्यांबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. एवढंच म्हणाला, "यंदा रमजानात पुस्तक कोण वाचणार?"

पुस्तक म्हणजे एका परदेशी लेखकाची जुनी अंतराळ-कादंबरी. पादांगला कॉलेजात असताना रस्त्यावरच्या दुकानातून घेतलेली, इंडोनेशियन भाषेत आलेली. पुढे बुस्तानुल बुकितिंगीच्या शाळेत इतिहास शिकवायला लागला, पोरं मोठी होऊन पांगली, तो निवृत्त झाला. पण दर रमजानात दुपारची नमाज आटोपली की ते पुस्तक उघडायचा नेम चुकला नाही.

त्याची बायको युसनियार सुईण होती. आसपासच्या गावांतली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. गोष्टीची पुस्तकं वाचायला तिला कधी सवड झाली नव्हती.

"मी वाचते," ती म्हणाली. "पण मध्येमध्ये मास्तरकी करायची नाही, उदा!" नवऱ्याला ती तिकडच्या रीतीने 'उदा', म्हणजे दादा, म्हणायची.

मागच्या ओसरीवर, सिंगालांग डोंगराकडे तोंड करून दोघं बसायची. कादंबरीत एक वाळूचा ग्रह होता. तिथले लोक डोक्याला फडकी गुंडाळत, उठता-बसता अल्लाचं नाव घेत आणि कमरेला सुरा लावून फिरत. थोडं वाचून झाल्यावर युसनियारने चष्मा काढला.

"ही माणसं आपल्यातलीच ना?"

"तशीच म्हणायची."

"मग कुणी हसत कसं नाही? आणि बायकांना नावंच नाहीत. मघापासून एक बाई नुसती रडतेय, तीही पडद्याआड."

"वाळवंट आहे ते, नियार."

"वाळवंटात पोरींचं बारसं करत नाहीत वाटतं."

तो हसला.

पुढे नायकाच्या जन्माचा प्रसंग आला. तंबूत बाई अडलेली. बाहेर पुरुष युद्धाच्या गोष्टी करताहेत. बाई मरते, पोर जगतं आणि मोठं होऊन सगळ्या जगावर सूड उगवतं. युसनियारची नजर भरभर पुढे गेली आणि ती वाचायची थांबली. त्या तंबूत सुईणच नव्हती. अख्ख्या टोळीत एक जाणती बाई नसावी? अशा अडलेल्या किती जणी तिने सोडवल्या होत्या.

ती पुन्हा वाचू लागली, "तेवढ्यात तंबूचा पडदा सारून एक म्हातारी आत आली. तिचं नाव रोहाना. तिने आधी सगळ्या पुरुषांना पाणी तापवायला पिटाळलं."

पुस्तकात यातलं एक अक्षरही नव्हतं. रोहानाने मूल फिरवलं, आई वाचली. बुस्तानुल मान कलती करून ऐकत होता. युसनियारला वाटलं, खपून गेलं.

पण आई जगली आणि सगळी पंचाईत झाली. आईच जिवंत, तर पोरगा सूड कसला घेणार? दुसऱ्या दिवसापासून युसनियार पुस्तक नुसतं मांडीवर धरून बसू लागली. त्या ग्रहावर विहिरी आल्या, सासवा आल्या, लग्नातली भांडणं आली. रोजा सोडायच्या वेळी नेमके दोन सूर्य आभाळात, तेव्हा कोणता बुडाल्यावर खजूर तोंडात टाकायचा, यावरून मशिदीत मोठा वाद झाला. त्यावर बुस्तानुल इतका हसला की त्याला ठसका लागला.

पाणी पिऊन तो म्हणाला, "नियार, पान तरी उलटत जा. किती वेळ झाला, आवाज आला नाही."

तिने पुस्तक मिटलं. "कधीपासून कळलंय?"

"रोहाना आत आली तेव्हाच. मला ते पुस्तक पाठ आहे गं."

"मग बोलला का नाहीत?"

"मी पोरसवदा होतो तेव्हा ताऱ्यांच्या गोष्टी खूप वाचायचो. कुठेच आपलं माणूस नसायचं. या एका पुस्तकात परग्रहावरचा माणूस बिस्मिल्ला म्हणाला, आणि मला रडू आलं. कुणीतरी आपल्याला घरात घेतलं म्हणून मी चपला काढून आत बसलो. ताटात काय वाढलंय ते पाहिलंच नाही. उलट मनात यायचं, खरे मुसलमान ते, सुऱ्याचे आणि वाळूचे. आपण पावसातले, भात लावणारे, रीतीप्रमाणे बायकोच्या घरात राहणारे. आपण बहुतेक अर्धेमुर्धे."

"आणि आता?"

"आता दर वर्षी वाचताना थोडं खुपतं. तरी सोडवत नाही. तरुणपणीचं आहे ना ते."

युसनियारने त्याच्या पायावरची शाल सारखी केली. "मी बिघडवलं का तुमचं पुस्तक?"

"पुस्तक कपाटात जसंच्या तसं राहील. तू पुढचं सांग. आता लढाई व्हायला आली असेल."

"लढाईचं आईला विचारावं लागेल," ती म्हणाली. "जमीन तिच्या नावावर आहे."

"म्हणजे आपल्यासारखंच. जमीन बायकांची, पोरगा बिचारा खुंटावरची राख, वारा आला की उडाली."

"बिचारा कसला. दोन वेळा गिळतो आणि वर तोंड करून बोलतो."

ईद झाली तरी ती गोष्ट संपली नाही. मुलगी पेकनबारूहून आली होती, तिने ओसरीवर कान दिला आणि आईला म्हणाली, "आई, हे कुठल्या पुस्तकात आहे? मला वाचायचंय."

"तुझ्या बाबांच्या," युसनियार म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. मुलगी बापाशेजारी टेकली. बुस्तानुलने तिला पहिल्यापासून सांगायला घेतलं. तंबूतल्या त्या रात्रीपासून, आणि रोहानाचं नाव त्याने अगदी सावकाश उच्चारलं.