औंढेकर सरांचा एलिव्हेटर

औंढेकर सरांचं पुस्तक प्रकाशकाने स्वतःच्या नावावर छापलं. सरळ फसवणूक केली.

सर निवृत्त शिक्षक. सुलतान बाजारातल्या माझ्या कापडदुकानात पहिल्यांदा टॉवेल घ्यायला आले आणि सांगितलेला भाव मुकाट दिला. मला रागच आला. "सर, थोडं कमी करा तरी म्हणा!"

"शेठ, एकट्याची ती घासाघीस, दहाजणांची ती अट. नऊजण मिळाले की येतो."

पण दुसऱ्या दिवशी एकटेच आले, बगलेत कागदांचा गठ्ठा घेऊन. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी केलेल्या बंडावर ते मराठीत पुस्तक लिहीत होते. पुढे रोज दुपारी माझ्या गल्ल्याशेजारी बसून वाचून दाखवायचे.

"तिथं काय तुमची मावशी राहते?" मी विचारायचो.

"रेल्वे एकाची, धान्याचं कोठार त्याच्याच दोस्ताचं, दर दोघं मिळून ठरवणार. शेतकऱ्याने बोलायचं कुणाशी? म्हणून ते एक झाले. पक्ष काढला, गुप्त मतदान मागितलं."

"जिंकले?"

"हरले. मागण्या पुढे दुसऱ्यांनी पुऱ्या केल्या, शाबासकीही त्यांनीच घेतली."

त्या उंच कोठाराला तिकडे एलिव्हेटर म्हणतात. सरांनी तोच शब्द ठेवला होता, सुरुवातीला अर्थ सांगून.

पुस्तक आलं तेव्हा मी प्रकाशकाच्या दुकानात जाऊन टेबलावर हात आपटला. तो म्हणाला, "लिहिलंय मीच. सरांनी फक्त तपासलं."

मी पान उघडून मोठ्याने वाचलं, "लिफ्टच्या मालकांनी भाडं वाढवल्यामुळे गहू पिकवणारे शेतकरी खवळले." चोराने शब्द सुधारला होता! "मियाँ, गव्हाला कितव्या मजल्यावर जायचं होतं?" मी विचारलं. सगळी गिऱ्हाइकं हसली. त्याने पंखा वाढवला.

सरांना हे सांगितलं तर हसता हसता त्यांना ठसका लागला. "जाऊ द्या शेठ, लोक वाचतायत ना."

"तुमच्यासारख्यांमुळेच हे माजतात!" मी त्यांच्यावरही ओरडलो. ते चष्मा पुसत म्हणाले, "नाव असतं तर घरी हिला दाखवलं असतं. अकरा वर्षं लिहिताना रोज चहा दिला तिने."

गेल्या महिन्यात सिकंदराबादच्या दवाखान्यात सर गेले. तेराव्याला प्रकाशक आला, फोटोला हार घातला आणि सगळ्यांसमोर "आमचे गुरू" म्हणाला. काकूंनी फक्त विचारलं, "मग पुस्तकावर त्यांचं नाव का नाही?" तो घड्याळ बघत जिना उतरला.

मला उत्तर नको, प्रकाशकसाहेब. पुन्हा वर चढा आणि काकूंना द्या.