जिन्यातले चेहरे

ठाकूरद्वारच्या त्या तीन मजली चाळीत पान खाऊन थुंकणाऱ्यांनी जिन्याचे कोपरे लालभडक करून ठेवले होते. सगळ्या मुंबईला यावर एकच औषध ठाऊक: कोपऱ्यात देवाची लादी बसवा.

कोंडीराम लालबागला शामरावांच्या कारखान्यात चिनी मातीच्या लाद्यांवर चित्रं काढायचा. गणपती, मारुती, राम-सीता. सतरा वर्षं त्याच्या हातचे देव गिरगावातल्या भिंतींची राखण करत होते. पण मागच्या डिसेंबरात, छप्पन साली, त्याने दादरला बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. या चाळीची ऑर्डर आली तेव्हा त्याने सरळ सांगून टाकलं, "शेठ, आता देव काढणार नाही."

"मग चूल कशावर पेटवशील?" शामराव तडकले. "महिना देतो. देवाशिवाय थुंकी थांबवून दाखव, नाहीतर आपला रस्ता धर."

कोंडीराम हट्टाचा पक्का. त्याने चाळीतली माणसंच लादीवर उतरवली. पहिल्या मजल्यावर खानावळवाल्या राधाबाई. बाईंचं तोंड असं फटकळ, की चित्रातूनही शिवी येईल असं वाटावं! दुसऱ्यावर तालमीतला धर्मा, खांद्यावर मुद्गल घेऊन. थुंकायची कुणाची टाप?

शेवटचा कोपरा जाईबाईंच्या दारासमोर. त्यांचा जयवंत वर्षापूर्वी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात पोलिसांच्या गोळीने गेला होता. "त्याला काढ," त्या म्हणाल्या. फोटो एकही नव्हता. त्या सांगत, हा काढी. त्या मान हलवत, हा पुसे. एक लादी भट्टीत तडकली, दुसरीवरचे डोळेच वाहून गेले. तिसरी पाहून जाईबाई तिच्यावरून नुसता हात फिरवत राहिल्या. कोंडीरामला रडू आवरेना.

महिना भरला तसे शामराव पाहायला आले. तिन्ही कोपरे चकचकीत. पण वरच्या लादीला शेजारच्या कमलाबाईंनी कुंकू लावून झेंडूचा हार घातला होता आणि त्या हात जोडून उभ्या होत्या.

शामराव खो-खो हसले. "घे! काढलास की शेवटी देवच! ये उद्यापासून कामावर."

कोंडीरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नोकरी राहिली, पण प्रतिज्ञा आपल्याच हाताने मोडली, असं त्याला वाटलं. तेवढ्यात जाईबाई दार उघडून बाहेर आल्या. त्यांनी हार काढून कमलाबाईंच्या हातात दिला आणि पदराने कुंकू पुसलं.

"देव करू नका गं माझ्या पोराचा," त्या म्हणाल्या. "देवाला कुणी मारलं, असं कुणी विचारत नाही. मला अजून विचारायचंय."