कूलर बंद ठेवलेला पाऊण तास

निवृत्तीनंतर मी नांदेड सोडून लातूरला मुलाकडे राहायला आलो, आणि आलो ते नेमका नातू बारावीत जाताना. लातुरात बारावीचं पोर असलेल्या घरात मोठ्यानं शिंकायचं तरी विचारून शिंकावं लागतं. टीव्हीवर चादर पडलेली. मिक्सर लावायचा तर तो क्लासला गेल्यावर. मी पुस्तकांची प्रुफं तपासतो आणि तपासताना पुटपुटतो, ही चाळीस वर्षांची सवय. आठवड्यातच सून म्हणाली, "बाबा, तुमच्यासाठी बाहेर एखादी जागा बघू का?" तिनं ते इतक्या आदरानं सांगितलं की हाकलून दिल्याचं मला संध्याकाळी लक्षात आलं.

जागा मिळाली ती एका भांड्यांच्या दुकानावरच्या हॉलमध्ये. दुकान आप्पांचं. वरचा हॉल त्यांच्या मुलाचा. मुलगा दहा वर्षं पुण्यात नोकरी करून परतला होता आणि येताना ही कल्पना घेऊन आला होता: ज्याला ऑफिस नाही त्यानं इथं येऊन बसावं, टेबल, खुर्ची, इंटरनेट तयार. बाहेर इंग्रजी नावाचा बोर्ड होता. आप्पांना ते नाव कधी उच्चारता आलं नाही. ते 'वरचं हापीस' म्हणत, आणि ते जास्त बरोबर होतं.

आम्ही दहा-बारा जण होतो. बांधकामाचे नकाशे काढणारे, विम्याचे एक एजंट, हिशेब लिहिणारी दोन-तीन मुलं, असे. मालकाला, म्हणजे आप्पांच्या मुलाला, 'कम्युनिटी' या शब्दाचं वेड होतं. भिंतीवर तो शब्द केशरी अक्षरांत रंगवलेला होता, आणि दर शुक्रवारी चार वाजता आम्हाला गोल उभं करून एक मऊ चेंडू फेकला जाई. ज्याच्या हाती चेंडू येईल त्यानं स्वतःबद्दल काहीतरी मजेशीर सांगायचं. पहिल्याच शुक्रवारी चेंडू एजंटांच्या हातात गेला आणि त्यांनी पेन्शनची एक योजना सगळ्या पोटकलमांसह समजावून सांगितली. पुढे त्यांच्याकडे कुणी चेंडू फेकला नाही. एकदा 'ज्येष्ठ सदस्य' म्हणून माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कारही झाला. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांतल्या निम्म्यांना माझं नाव ठाऊक नव्हतं. नारळ मात्र चांगला निघाला.

खरा संबंध आमचा एकमेकांशी नव्हता, कूलरशी होता. खिडकीत बसवलेला लोखंडी पत्र्याचा अजस्र कूलर. एप्रिल लागला की ज्याचं टेबल त्याच्या झोतात, तो सुखी. मी वयाचा वापर करून सगळ्यात मोक्याची जागा पटकावली होती. इतकी मोक्याची की कूलरचं बटणही माझ्या डाव्या हाताशी होतं. आवाज भयंकर होता, पण त्यात मला मनसोक्त पुटपुटता येई.

आमच्यात एक बाई होत्या, तिशीच्या थोड्या पुढच्या. माहेर नांदेडचं, म्हणून मला काका म्हणत. लग्नाआधी पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होत्या. मुलगी झाली, चार वर्षं गेली, आणि आता त्या घरूनच करता येईल अशी नोकरी शोधत होत्या. जूनमध्ये मुलगी शाळेत जाणार, तोवर काही जमलं नाही तर हा नाद सोडून द्यायचा, असं घरात ठरलं होतं. घरात ठरलं म्हणजे त्यांनी ठरवलं नव्हतं, एवढं मला कळत होतं.

मे महिन्यातल्या एका दुपारी त्या मीटिंगच्या काचेच्या खोलीतून बाहेर आल्या. त्या खोलीच्या भिंती छतापर्यंत पोचत नव्हत्या, म्हणून कूलरची हवाही आत जाई आणि आवाजही. त्या आमच्या बाजूला बघून म्हणाल्या, "अर्धा तास कूलर बंद ठेवला तर चालेल का? माझा इंटरव्ह्यू आहे, ऑनलाइन."

प्रश्न शेजाऱ्याला विचारलेला आहे असा प्रत्येकाचा चेहरा. बटण माझ्या हाताशी. मी म्हणालो, "मालकांना विचारून घ्या ना."

मालक त्या दिवशी सोलापूरला गेला होता, हे मला माहीत होतं.

"बरं," म्हणून त्या आत गेल्या. आतून "सॉरी, पुन्हा सांगता का?" असं पाच-सहा वेळा ऐकू आलं. त्या अर्ध्या तासात मी दोन पानं तपासली आणि त्यांत मला एकही चूक सापडली नाही. नंतर पुन्हा पाहिली तेव्हा नऊ निघाल्या.

बाहेर आल्यावर एजंटांनी विचारलं. विचारपूस हा त्यांचा धंदाच. "काय म्हनले वं ताई?"

"विचारत होते, मॅडम, तुम्ही पिठाच्या गिरणीत बसलाय का." त्या हसल्या. आम्हीही हसलो, पण ते लगेच संपलं. "गुरुवारी तीनला परत घेतो म्हणाले. शेवटचं. शांत जागी बसा म्हणाले."

"घरी न्हाई का जमत?"

"घरी मुलगी आहे. सासऱ्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे टीव्ही सगळ्या गल्लीसाठी असतो."

बोलायला हवं होतं मी. बोलले एजंट. "गुरुवारी कूलर बंद. ज्याला उकडंल त्यानं गंजगोलाईत जाऊन रस प्यावा. बोला, कुनाची हरकत?"

कुणाचीच नव्हती. इतकं सोपं होतं ते.

मालक परतल्यावर त्याला हे कळलं आणि त्याचे डोळे चमकले. फलक लावू, छोटा व्हिडिओ करू, 'सपोर्ट डे' म्हणू. मी म्हणालो, "बटण बंद करायचं आणि तोंड बंद ठेवायचं. एवढाच कार्यक्रम."

"एखादा फोटो तरी, सर?"

"फोटोचा आवाज येतो."

गुरुवारी अडीचलाच तयारी झाली. चपला बाहेर, फोन मुके. चहावाल्याला सांगितलं, आज येऊ नको. कोपऱ्यावरच्या आंबेवाल्याचा भोंगा एजंटांनी गोडीगुलाबीनं बंद करवला. ज्यानं त्यानं पंचे, रुमाल भिजवून डोक्यावर घेतले. तीनला त्या आत गेल्या, दार लावलं, आणि मी बटण बंद केलं.

दीड महिन्यात पहिल्यांदाच मला त्या हॉलमधले बारीक आवाज ऐकू आले. नकाशेवाल्यांच्या पोटात गुरगुरत होतं. दहा मिनिटांत शर्ट पाठीला चिकटला. आतून त्यांचं बोलणं स्वच्छ येत होतं, आणि त्या फार नेमकं बोलत होत्या. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून काढायच्या, हे त्यांचं काम. म्हणजे माझ्याच धंद्यातल्या. महिनाभर शेजारी बसून मी ते कधी विचारलं नव्हतं.

वीसेक मिनिटं झाली असतील. जिन्यावर पावलं वाजली, आणि कुणीतरी खणखणीत आवाजात विचारलं, "साब, मोटर जली क्या?"

समोरच्या दुकानातला कूलरचा मिस्त्री होता, हातात पाना. आम्ही सगळ्या गल्लीला सांगितलं होतं, फक्त आमच्या बरोबर पायाखाली बसणाऱ्या आप्पांना सांगायचं राहिलं होतं. दिवसभर छतातून कूलरची घरघर ऐकणाऱ्या माणसाला ती थांबलेली कळली, आणि त्यांनी भल्या मनानं मिस्त्री पाठवला.

मी अनवाणी धावलो. त्रेसष्टाव्या वर्षी जिन्यात माणूस अडवणं काय असतं ते त्या दिवशी कळलं. कुजबुजत सांगितलं, बिघडलेला नाही, मुद्दाम बंद केलाय.

"जानके बंद करके बैठे?" तोही कुजबुजला, आणि पंचे ओढून बसलेल्या आमच्या मंडळींकडे बघून त्यानं पाना हळूच खिशात घातला.

त्याच्या मागून गुडघ्यावर हात टेकत आप्पा स्वतः वर आले. मी ओठांवर बोट ठेवलं. आप्पांना गप्प करणारं बोट गेल्या चाळीस वर्षांत कुणी दाखवलं नसावं. त्यांनी आत डोकावलं. अनवाणी, ओले पंचे, कुणी हू की चू करत नाही. हलक्या आवाजात विचारलं, "कोन गेलं?"

"कुणी गेलं नाही, आप्पा. ताईंचा इंटरव्ह्यू चाललाय. नोकरीचा."

आप्पांनी काचेकडे पाहिलं. मग माझ्याकडे, जरा रागानंच. "मग मला सांगायचं न्हाई का आधी? खाली भांडी वाजायलेत की."

जेवढ्या पायऱ्या चढून आले होते तेवढ्या ते पुन्हा उतरले. त्यानंतर खालून वाटी ठेवल्याचाही आवाज आला नाही. नंतर समजलं, पातेलं बघायला आलेल्या एका गिऱ्हाइकाला त्यांनी पाणी देऊन गादीवर बसवून ठेवलं होतं आणि पातेल्याला हात लावू दिला नव्हता.

पावणेचारला दार उघडलं. "झालं," त्या म्हणाल्या. मी बटण दाबलं.

"कसं झालं?" एजंटांनी विचारलं.

"बरं झालं. शेवटी विचारत होते, तिथं तुम्ही एकट्याच बसलाय ना? मी म्हटलं, हो, एकटीच."

तिथं बारा माणसं आणि एक मिस्त्री घाम पुसत उभे होते.

पुढचे पाच दिवस वाईट गेले. कुणी विचारायचं नाही असं न सांगताच ठरलं होतं, आणि त्या आल्या की दहा माना वर होऊन खाली जात. सहाव्या दिवशी त्यांनी उभ्यानंच फोनवर काहीतरी वाचलं, खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "एक तारखेपासून."

मी चष्मा काढून ठेवला. छातीवरचं काहीतरी खाली ठेवल्यासारखं वाटलं. दुपारी पेढे आले. मालक शाल घेऊन पुढे झाला, तर त्या म्हणाल्या, "दादा, मे महिन्यात शाल नको," आणि पेढ्याचा पहिला पुडा खाली आप्पांकडे घेऊन गेल्या.

परत वर आल्या तेव्हा मी माझं सांगून टाकलं. पहिल्या दिवशी बटण माझ्या हाताशी होतं. मालक गावात नाही हेही मला ठाऊक होतं.

"माहीत आहे, काका," त्या म्हणाल्या. "म्हणून तर तुमच्याकडे बघून विचारलं होतं."

त्यांनी दुसरा पुडा उघडून माझ्यापुढे धरला.

"पेढा घ्या," त्या म्हणाल्या, आणि मी घेतला.